भाड्याचे घर आणि आपले नाव

(जयंती मेळाव्यात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण आजवर बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रावर, राज्यघटनेवर आणि धम्मावर विद्वानांची व्याख्याने ऐकली. यंदा कार्यकारिणीने आम्हां उभयतांस भाड्याच्या घराविषयी बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. हा काय जयंतीच्या व्यासपीठाचा विषय झाला? परंतु दर उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या घरचा दूरध्वनी खणखणू लागतो आणि पलीकडून प्रश्न बहुधा एकच असतो : "दादा, एडिसनकडे परवडेल अशी जागा मिळेल का?" विचारणारा कधी नागपूरचा असतो, कधी नांदेडचा, कधी चेंबूरचा. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो. तो फोनवर कोणी विचारीत नाही. त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही हे भाषण स्वीकारले. मजकूर आम्हां दोघांचा आहे. वाचणारा एक, एवढेच.

प्रथम साधी गोष्ट. आपले बहुसंख्य लोक मध्य न्यू जर्सीत, एडिसन, आयसेलिन, वुडब्रिज, पिस्कॅटवे या पट्ट्यात जागा शोधतात, त्याला कारण आहे. न्यूयॉर्कला जाणारी आगगाडी मेट्रोपार्कला थांबते, ओक ट्री रोडवर तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सर्व मिळते, आणि नव्या माणसाजवळ मोटार नसली तरी पहिले काही महिने निभावतात. या भागात 'गार्डन अपार्टमेंट' नावाचा एक प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत बांधलेल्या, विटांच्या, दुमजली इमारतींची ही संकुले. मध्ये हिरवळ, कडेला गाड्या उभ्या करण्याची जागा, तळाशी सामाईक कपडे धुण्याची यंत्रे. दिसायला मोठी देखणी नव्हेत. स्वयंपाकघर अरुंद, भिंती पातळ. वरच्या मजल्यावरील मूल धावले की खाली भांडी हलतात. परंतु बऱ्याच ठिकाणी हीटिंग आणि गरम पाणी भाड्यातच धरलेले असते. दोन जागांच्या भाड्यांची तुलना करताना ही गोष्ट आधी विचारावी. जानेवारीचे गॅसचे बिल पाहिल्यावर मग स्वस्त वाटलेले घर महाग निघते.

नवागताची खरी अडचण भाड्याच्या रकमेत नसते. ती कागदांत असते. येथील घरमालक तुमची 'क्रेडिट हिस्टरी' मागतो. म्हणजे तुम्ही यापूर्वी कर्ज काढून ते वेळेवर फेडले होते काय, याचा दाखला. ज्याने जन्मात कर्ज काढले नाही तो आपल्याकडे सज्जन समजला जातो, येथे तो संशयित ठरतो. अशा वेळी कंपनीचे नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेतील शिलकेचे पत्र, आणि शक्य असल्यास येथे स्थिरावलेल्या एखाद्याची जामीन म्हणून सही, एवढे घेऊन जावे. 'तीन महिन्यांची अनामत आधी भरा' असे कोणी म्हणाल्यास मात्र हो म्हणू नये. न्यू जर्सीच्या कायद्याने अनामत दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. भाडे समजा १,६०० डॉलर असेल, तर अनामत २,४०० डॉलरच्या वर नाही. ती रक्कम व्याज देणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि जागा सोडल्यावर तीस दिवसांच्या आत, काही कापले असल्यास त्याच्या हिशेबासह, परत द्यावी लागते.

हे सर्व आम्हांस ठाऊक नव्हते त्या काळाची एक हकीकत आता सांगतो. ती सांगावी की नाही, यावर घरात बराच वाद झाला.

आम्ही येथे आलो तेव्हा दोन आठवडे एका सहकाऱ्याच्या दिवाणखान्यात झोपलो. त्याच्या पत्नीच्या चेहऱ्यावरील हास्य दहाव्या दिवशी कमी झाले. तिचा दोष नव्हता. एका वाणसामानाच्या दुकानातील फळ्यावर चिठ्ठी दिसली : दोन कुटुंबांच्या घराचा वरचा मजला भाड्याने देणे आहे, मराठी कुटुंबास प्राधान्य, शाकाहारी असल्यास उत्तम. आम्ही फोन केला. पलीकडून मराठी आवाज आला आणि परदेशातील त्या महिन्यात तो आवाज किती गोड वाटला, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. काकूंनी आडनाव विचारले. आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्यावरून काही उलगडत नाही. त्यांनी गाव विचारले. आम्ही म्हणालो, पुण्याकडचे. "म्हणजे आपल्यातलेच की," काकू म्हणाल्या. आम्ही त्यावर काहीच बोललो नाही.

घर पाहावयास गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, पोहे दिले. जागा उत्तम होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेपलचे झाड दिसे. करार नव्हता, "आपल्या माणसांत कागद कशाला?" असे काका म्हणाले, आणि आम्हांसही ते मोठेपणाचे वाटले. अनामतीचा धनादेश दिला. चार दिवसांनी काही सामान आधी नेऊन ठेवले. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तसबीर होती. कागद प्रवासात फाटला होता. काकूंनी मदत म्हणून ते पुडके हातात घेतले, आतील बाबासाहेबांच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले, आणि अतिशय हळुवारपणे ते जिन्याच्या पायरीवर ठेवले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी काकांचा फोन आला : मुलीचे सासरे भारतातून येत आहेत, वरचा मजला त्यांच्यासाठी लागणार, धनादेश परत घेऊन जावा.

सासरे आले की नाही, हे आम्ही कधी पाहावयास गेलो नाही. कदाचित आलेही असतील. अशा प्रसंगांत पुरावा कधीच उरत नाही. उरतो तो संशय, आणि तो बाळगणाऱ्यालाच तुम्ही फार हळवे आहात असे ऐकावे लागते.

परंतु आम्हांस आजवर बोचते ते काकांचे वागणे नव्हे. बोचते ते 'आपल्यातलेच की' या वाक्यानंतरचे आमचे मौन.

१९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना त्या शहरात राहावयास जागा नव्हती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या टिपणांत, जी १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली, ती कहाणी आहे. न्यूयॉर्कमध्ये ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये राहिले, पुढे कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासह. परदेशातील त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे ते सांगतात. बडोद्याला उतरताच ती जाणीव परत आली. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे ठाकले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही आसरा मिळाला नाही. पाच तास कामाठी बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले.

त्या दिवशी जिन्यावरून तसबीर उचलून आणताना आम्हांस हे टिपण आठवले. बाबासाहेबांपुढे काठ्या होत्या. आमच्यापुढे कोणती काठी होती? मेपलचे झाड दिसणारी खिडकी, एवढेच आमचे आमिष. (लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तेथे माणसे नतमस्तक होतात. १९२१ साली मात्र तीसुद्धा एका विद्यार्थ्याची भाड्याची जागाच होती.)

पुढे जागा मिळाली ती एका गार्डन अपार्टमेंटच्या कार्यालयातून. तेथील बाईंनी पगाराच्या पावत्या मागितल्या, दीड महिन्याची अनामत घेतली, चौदा पानांच्या करारावर सह्या घेतल्या. आमचे गाव विचारले नाही. आडनावाचे स्पेलिंग दोनदा चुकविले. चहाही विचारला नाही. त्या रुक्षपणाने त्या दिवशी आम्हांस जो दिलासा दिला, तो सांगून पटणार नाही.

आज आपणांसमोर मुख्यत्वे मांडावयाचे आहे ते हेच. परक्या मुलखात आपण ओळखीच्या दाराकडे धावतो. त्याच दारामागे कायदा सर्वांत दुबळा असतो. न्यू जर्सीत १९७४ च्या कायद्यानुसार कराराची मुदत संपली तरी सबळ कारणावाचून भाडेकरूस काढता येत नाही. परंतु मालक स्वतः राहत असून भाड्याच्या जागा दोनच असतील तर हे संरक्षण नाही. अनामतीचा कायदाही अशा लहान घरांना आपोआप लागू होत नाही. भाडेकरूने तो लागू करावा म्हणून लेखी नोटीस दिली, तर तीस दिवसांनी होतो. राज्याचा भेदभावविरोधी कायदा १९४५ पासून आहे, पण मालक स्वतः राहत असलेल्या दोन कुटुंबांच्या घरातील दुसरी जागा त्यातून वगळली आहे. १९६८ चा राष्ट्रीय गृहकायदा, जो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात संमत झाला, त्यातही मालक राहत असलेल्या चार जागांपर्यंतच्या घरांस सवलत आहे. म्हणून आमचा सल्ला आहे की, प्रथम कार्यालय असलेले संकुल पाहावे. आणि आपल्या माणसाचेच घर घेतले तरी कागद मागावा. कागद मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपल्या पूर्वजांच्या हाती कागद नव्हता, म्हणून तर त्यांची जमीन, पाणी आणि वस्ती दुसऱ्यांच्या मर्जीवर राहिली.

तळघरांविषयीही येथेच बोललेले बरे. विद्यार्थ्यांना बेसमेंट स्वस्त मिळते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस कोसळला तेव्हा न्यूयॉर्क शहरात अकरा माणसे अशा तळघरांत बुडून मेली. बाहेर पडण्यास दुसरी वाट, पुरेशी मोठी खिडकी आणि नगरपालिकेची परवानगी नसलेल्या तळघरात राहू नये, मग भाडे कितीही कमी असो. २०२४ च्या मार्चपासून न्यू जर्सीतील घरमालकांस पुराचा धोका भाडेकरूस लेखी कळवावा लागतो. जागा बेकायदेशीर ठरून नगरपालिकेने रिकामी करविली, तर मालकाकडून सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मिळण्याचा हक्क भाडेकरूस आहे. हे कळले नाही म्हणून आपली दोन मुले एका फेब्रुवारीत बॅगा घेऊन आमच्या दारात उभी राहिली होती. थंडीवरून आठवले : इमारतीतील हीटिंग मालकाच्या हाती असेल, तर १ ऑक्टोबर ते १ मे दिवसा ६८ अंश फॅरनहाइट उष्णता राखणे त्यास बंधनकारक आहे. कुडकुडत बसू नका, लेखी तक्रार करा.

आता या उपनगरांविषयी थोडे. ही हिरवळ सर्वांसाठी पेरलेली नव्हती. विल्यम लेव्हिट यांनी युद्धोत्तर काळात लाँग आयलंडवर जी प्रसिद्ध वसाहत उभारली, तिच्या करारात गोऱ्या वंशाबाहेरील माणसांनी, घरगुती नोकर वगळता, तेथे राहू नये असे कलम होते. न्यू जर्सीत वसाहत बांधतानाही त्यांनी काळ्या ग्राहकांना नकार दिला. १९६० साली येथील सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. पुढे उघड कलमे गेली आणि 'झोनिंग' आले. भूखंड एवढाच मोठा हवा, सदनिका बांधावयाच्या नाहीत, असे नियम करावयाचे; म्हणजे गरीब आपोआप बाहेर. कोणाचे नाव घ्यावयास नको, कोणास हाकलावयास नको. गावकूस म्हणजे काय, हे आपणांस कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दक्षिण न्यू जर्सीतील माउंट लॉरेल या गावी काळी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत होती, काही तर खुराड्यांची घरे करून. त्यांनी फक्त ३६ सदनिका बांधू द्या, अशी मागणी केली. १९७० साली गावाने नकार दिला. एथेल लॉरेन्स नावाची बालवाडी शिक्षिका न्यायालयात गेली. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, विकसनशील गावांना सामान्य उत्पन्नाच्या माणसांसाठी घरांची वाट बंद करता येणार नाही. १९८३ साली तोच निकाल अधिक कठोर करून पुन्हा दिला. एथेलबाई १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची सदनिकावसाहत उभी राहून तेथे माणसे राहावयास गेली ती २००० च्या सुमारास. तीस वर्षे लागली.

ही हकीकत आम्ही इतिहासाच्या हौसेने सांगत नाही. या निकालामुळे आज राज्यातील अनेक उपनगरांत बाजारभावाहून कमी भाड्याच्या सदनिका आहेत. त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमाई असणाऱ्यांस त्यांसाठी अर्ज करता येतो. सोडत निघते, प्रतीक्षायादी असते. आपल्यातील ज्यांची एकच मिळकत आहे, ज्या भगिनी एकट्या मुलांना वाढवीत आहेत, त्यांनी आपल्या नगरपालिकेच्या गृहनिर्माण अधिकाऱ्याकडे चौकशी करावी. काहींना 'सरकारी घर' म्हणून लाज वाटते. ज्या हक्कासाठी एका शेजारणीने आयुष्य वेचले, तो घेण्यात लाज कसली?

जातीसंबंधी कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. सिअॅटल नगराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदास स्पष्ट शब्दांत बंदी केली, आणि तीत नोकरीबरोबर घरही आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यपालांनी ते परत पाठविले. पूर्वजपरंपरेच्या आधारे भेदभाव करण्यास कायद्याने आधीच बंदी आहे, असे कारण त्यांनी दिले. न्यू जर्सीच्या कायद्यातही पूर्वजपरंपरा हा शब्द आहे. पूर्वजपरंपरेवाचून जात म्हणजे तरी काय? तेव्हा कोणी आडनाव खोदून विचारले, गोत्र विचारले आणि मग जागा नाकारली, तर तारीख, वेळ, शब्द त्याच रात्री लिहून ठेवावेत. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते, केंद्राच्या गृहखात्याकडे एका वर्षाच्या आत. केवळ शाकाहाराची अट कायद्यास थेट बाधत नाही, हेही खरे. परंतु ती भाताच्या वासासाठी घातली आहे की माणसे चाळण्यासाठी, हे दोन वाक्यांत कळते.

आता जे बोलणार आहोत ते काहींस रुचणार नाही. आपल्यातील कित्येकांची येथे स्वतःची घरे झाली. काहींनी वरचा मजला भाड्याने दिला आहे. गेल्या वर्षी आपल्याच एका बांधवाने आम्हांस विचारले, "भाडेकरू म्हणून काळे कुटुंब आले आहे, पगार चांगला आहे, पण शेजारी काय म्हणतील? काय सांगून टाळावे?" आम्ही त्यास म्हणालो, मुलीचे सासरे येणार आहेत असे सांग. तो हसला, मग त्याच्या ध्यानात आले, मग हसणे थांबले. मालक स्वतः राहतो म्हणून लहान घरास दिलेली सवलत वर्णभेदाच्या बाबतीत टिकत नाही, हेही त्यास सांगितले. १८६६ चा नागरी हक्क कायदा, ज्याचा अर्थ १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला, तो अशी कोणतीही सवलत मानीत नाही. ते कुटुंब आज त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. भांडी हलतात, अशी त्याची तक्रार आहे.

शेवटी कामाचे. कार्यकारिणीने जागांची एक नोंदवही करण्याचे ठरविले आहे. ती केवळ आपल्या समाजापुरती असावी असे काहींचे मत पडले, आणि त्यामागील दुखणे आम्हांस समजते. दारे बंद झालेल्यांनी एक दार आपल्यासाठी राखावे, यात गैर ते काय? तरीही आम्ही विरोधात मत दिले आणि थोडक्यात जिंकलो. वही मागणाऱ्या कोणासही दाखविली जाईल. तीत गावाचे नाव, भाडे, हीटिंग आत की बाहेर, स्थानकापासूनचे अंतर, लेखी करार आहे की नाही आणि अनामत वेळेत परत मिळाल्याचा अनुभव, एवढे रकाने आहेत. भाडेकरूच्या आडनावाचा रकाना नाही. ज्यांना येथे पाच वर्षांहून अधिक काळ झाला आहे, त्यांनी नवागतासाठी जामीन राहण्याची तयारी असल्यास शेवटच्या पानावर सही करावी. जामीन राहणे म्हणजे त्याचे भाडे थकल्यास आपण भरणे, हे जाणून करावी. आम्ही केली आहे.

वही दाराजवळच्या टेबलावर, भोजनाच्या कूपनांशेजारी ठेवली आहे. पेन बांधून ठेवला आहे. कृपया नेऊ नये. जय भीम.